शिट्टी गळ्यात घालण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर स्पर्धेला नाही म्हणाले आणि तू विचारलंस, "सर, आता मुलांना स्केटिंग आणि हॉकी शिकवू का?" जरूर शिकव. फक्त खेळणं सुटलं म्हणून शिकवणं धरलं, असं मनात ठेवून रिंकवर येऊ नकोस. हे काम वेगळं आहे आणि त्यात तू आज नवखा आहेस.

हर्ब ब्रुक्सचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. १९६०च्या हिवाळी ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या आइस हॉकी संघातून अगदी शेवटी वगळलेला खेळाडू तो. त्या संघाने त्याच्याविना सुवर्ण जिंकलं. १९६४ आणि १९६८ला तो ऑलिंपिक खेळला, पण पदक हाती लागलं नाही. १९८०ला लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकला तो प्रशिक्षक म्हणून गेला, तेही बहुतेक कॉलेजची पोरं घेऊन. स्पर्धेच्या काहीच दिवस आधी सोव्हिएत संघाने त्यांना १०-३ असं धुतलं होतं. ऑलिंपिकमध्येही दुसरं सत्र संपताना सोव्हिएत ३-२ने पुढे होते. तिसऱ्या सत्रात अमेरिकेने दोन गोल केले आणि सामना ४-३ असा जिंकला. लोक त्याला चमत्कार म्हणतात, मला ते पटत नाही. शेवटच्या वीस मिनिटांत पाय चालावेत म्हणून ब्रुक्सने महिनोन् महिने त्यांच्याकडून जीव जाईस्तोवर स्केटिंग करून घेतलं होतं. कॅनडाचा आइस हॉकी प्रशिक्षक स्कॉटी बोमन, त्याचं खेळणं तर तरुणपणीच, डोक्याला मार लागल्यावर थांबलं. प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर ९ स्टॅन्ली कप, म्हणजे तिथल्या व्यावसायिक आइस हॉकीतले सर्वोच्च चषक, आहेत.

तुझी खरी अडचण ही की तुला खेळ येतो. तुझ्या पायांना जे कळतं ते तोंडाने सांगायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही. थांबण्याचंच घे. लेहच्या बर्फावर तू स्केटची पाती आडवी करून झर्रकन थांबायचास, कारण पातं बर्फ खरवडतं. नेरूळच्या फरशीवर नवख्या पोराने इनलाइन स्केटची, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांची, चाकं तशी आडवी केली, तर ती घसरण्याऐवजी पकडतात आणि पोर तोंडावर आपटतं. त्याला आधी मागचा पाय आडवा ओढत थांबायला शिकव. त्याच्याही आधी पडायला शिकव: गुडघे वाकवून, पॅडवर, मुठी मिटून, म्हणजे मागून येणाऱ्याची चाकं बोटांवरून जात नाहीत.

नुसतं "वाक, वाक" ओरडू नकोस. मूल कमरेत वाकतं आणि तोल जातो. "नडगी बुटाच्या जिभेला दाबून धर" म्हण, गुडघे आपोआप वाकतील. अशी वाक्यं शोधणं हाच तुझा यापुढचा सराव. एक वाक्य चाललं नाही तर दुसरं शोध, मुलाला दोष देऊ नकोस.

मोठ्या सामन्यातही खेळाडू साधारण पाऊण मिनिटात बदलतो, कारण त्याहून जास्त वेळ पूर्ण वेगाने पळवत नाही. मग आठ वर्षांच्या मुलाला सलग दहा मिनिटं पळवून काय मिळणार? तो दमलेल्या पायांनी चुकीचं स्केटिंग पक्कं करतो. लहान फेऱ्या ठेव, मध्ये श्वास घेऊ दे. पावसाळ्यात फरशी ओली असेल तर तास रद्द करू नकोस. सोसायटीच्या हॉलमध्ये बूट न घालता स्टिक आणि चेंडूचं काम होतं.

पालक दहावीच्या क्रीडागुणांचं आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाचं विचारतील. नियम वाचून ठेव, जेवढं खरं तेवढंच सांग. स्वप्नं विकून फी घेणारे मला मुळीच आवडत नाहीत. तुझी फी मात्र संकोच न करता ठरव. आणि बारा-तेरा वर्षांची झाली की मुलीला घरी बसवणारे पालक भेटतील, त्यांच्याशी चिकाटीने बोल. २०२५च्या आइस हॉकीच्या आशिया चषकात आपल्या महिलांनी कांस्य जिंकलं, त्यातल्या बहुतेक लडाखच्या मुली. हे त्यांना सांग.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र पहिला तास घेण्याआधीच पूर्ण कर, त्यात सवलत नाही. रविवारी सकाळी लहान गटाचा तास तू घे, मी बाजूला बसतो. गुडघ्याचे व्यायाम फिजिओ सांगेल तेवढेच कर.

तुझे सर