गो चं वेंट कुठनं आलं?

प्रश्न : आमची पोरगी चौथीत आहे, सेमी इंग्लिशला. निबंधात तिनं ‘आय गोड टू रंकाळा’ लिहिलं, बाईंनी फुली मारून वेंट करून दिलं. आता रोज डोकं खातीय, प्लेचं प्लेड होतं मग गो चंच वेंट कसं काय? वर ‘इट इज गोइंग टू रेन’ मध्ये पाऊस कुठं चाललाय म्हणती. काय सांगू? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : पोरगी हुशार आहे, इंग्लंडातली बारकी पोरं पण गोडच म्हणतात. भानगड अशी की वेंट हे मुळात गो चं नाहीच. वेंड म्हणून वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणं, वाटेला लागणं, आणि सेंडचं सेंट, बेंडचं बेंट तसं वेंडचं वेंट, सरळ हिशोब. जुन्या इंग्रजीत गो ला गान म्हणायचे आणि त्याचा भूतकाळ एओदे, म्हणजे जोडी तेव्हा पण जुळत नव्हतीच! पुढं १५व्या शतकात एओदे मागं पडलं आणि वेंट त्या जागेवर ठाण मांडून बसलं. बिचाऱ्या वेंडला मग वेंडेड असं नवीन रूप करून घ्यावं लागलं. स्कॉटलंडकडं मात्र गो पासनंच केलेलं गेड चालायचं, तिकडं तुमच्या पोरीला अर्धा मार्क तरी मिळाला असता.

पण इंग्रजीला हसायच्या आधी आपलं बघा की. जातो, जाणार, आणि मग एकदम गेला? ‘जाला’ का नाही? तर जा आलाय संस्कृतातल्या ‘या’ ह्या धातूवरनं, याति मधला, आणि गेला आलाय गम् वरनं, गत पासनं. सेम केस. आणि खरी गंमत पुढंच आहे, या गम् चा इंग्रजीतला सख्खा भाऊ गो नव्हे, कम! आपण निघताना ‘येतो हं’ म्हणतो ते काय उगीच नाही म्हणायचं. इज, वॉज, बी तर तीन वेगळ्या घरचे, अस्, वस् आणि भू यांचे नातेवाईक.

आता पाऊस. गोइंग टू मध्ये आधी खरंच चालणं होतं, मासे घ्यायला निघालोय अशातलं. निघालाय म्हणजे मनात काहीतरी करायचं असणारच, मग हळूहळू चालणं गळलं आणि ‘करणार’ एवढंच उरलं, १७व्या शतकापर्यंत हे रुळलं होतं. आपली लाईट जाते, दूध नासून जातं, तिथं तरी कोण पायानं चालतंय? गोन्ना हे गोइंग टू चंच झिजलेलं रूप, पण ते फक्त ‘करणार’ या अर्थी, ‘आय ॲम गोइंग टू पुणे’ला गोन्ना लावता येत नाही, तिथं खरंच गाडीत बसावं लागतं.