एनसीपीएतली पहिली सिम्फनी: कोणती संध्याकाळ निवडावी?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: सवाईला वर्षानुवर्षं जाणारं घर, ख्याल-ठुमरी कानात मुरलेली, पण मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात होणाऱ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनला कधी जाणं झालेलं नाही. आता नव्या सीझनची पत्रिका आली की तिच्यातली कोणती संध्याकाळ निवडायची, कुठे बसायचं, टाळ्या कधी वाजवायच्या, नातीला नेता येईल का? आणि ‘सगळं लिहिलेलंच असतं, मग ऐकायला काय जायचं?’ या यजमानांच्या शंकेला उत्तर काय द्यायचं?

निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. ऑपेरातल्या निवडक गाण्यांची ‘गाला’ संध्याकाळ किंवा लोकप्रिय तुकड्यांची मिसळ पहिल्यांदा घेऊ नका. लोक नवख्यांना नेमकी तीच सुचवतात. पण तुम्ही तासभर एक राग ऐकणारी माणसं. चार-चार मिनिटांच्या तुकड्यांनी तुमचं पोट भरणार नाही, आणि ‘छान होतं, पण...’ म्हणत घरी याल. तुम्हाला बढत लागते, आणि ती सिम्फनीत, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या, सहसा चार भागांच्या मोठ्या रचनेत आहे. (या भागांना ‘मूव्हमेंट’ म्हणतात.)

ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या संध्याकाळी आधी दहा-बारा मिनिटांचं ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना) किंवा तसंच काही छोटं, मग कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या साथीला अशी रचना, मध्यंतर, आणि उत्तरार्धात सिम्फनी, असा क्रम असतो. पत्रिकेवर मोठ्या अक्षरात पाहुण्या वादकाचं नाव आणि फोटो असतो. तुम्ही मात्र सगळ्यात शेवटी काय छापलंय ते बघा. तिथे चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिम्फनी दिसली तर डोळे मिटून तिकीट काढा. द्वोर्झाक 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा संचालक होऊन अमेरिकेला गेला आणि 1893 च्या डिसेंबरात तिथेच ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये कॉर आंग्ले नावाचं, ओबो या फुंकवाद्याच्या थोरल्या भावासारखं वाद्य एकटं गातं. ती सुरावट एकदा ऐकली की गुणगुणता येते. गंमत म्हणजे या अख्ख्या सिम्फनीत ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्याला त्याच मूव्हमेंटमध्ये मोजके स्वर आहेत आणि झांजेचा आघात शेवटच्या मूव्हमेंटमध्ये फक्त एक. झांजवाला झांजा घेऊन कधी उठतो यावर नजर ठेवा.

बेथोवनची पाचवीही चालेल, म्हणजे धावेलच. जेमतेम पस्तीस मिनिटांची आहे. ‘ते टॅ-टॅ-टॅ-टॅऽऽ सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून तिला नाक मुरडणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मागच्या बाजूला बसलेले तीन ट्रॉम्बोनवाले (ट्रॉम्बोन म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य) बघा. पहिली तीन मूव्हमेंट ते मांडीवर वाद्य घेऊन नुसते बसलेले असतात. तिसरी संपत आली की आवाज अगदी खाली उतरतो, टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यांवर) हलकी टकटक चालू राहते, आणि मधे अजिबात न थांबता चौथीचा दरवाजा उघडतो. तेव्हा कुठे ते वाद्यं ओठांना लावतात. हे रेकॉर्डिंगवर निव्वळ मोठा आवाज म्हणून ऐकू येतं. सभागृहात ती वीस-पंचवीस मिनिटांची वाट तुम्हीही पाहिलेली असते.

रिम्स्की-कोर्साकोव्हची ‘शेहेरजाद’ असेल तर तीही उत्तम, ऑर्केस्ट्राच्या पहिल्या व्हायोलिनवाल्याची त्यात खरी परीक्षा असते. लांबलचक सिम्फनी लिहिणारा माहलर मात्र दुसऱ्या खेपेला ठेवा.

आता यजमानांची शंका. प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे बंदिशीच्या दोन ओळी ठरलेल्या आणि बाकी सगळं गायकाचं. इथे उलटं, स्वरन् स्वर कागदावर. पण कागदावर काय नसतं ते बघा. पाचवीच्या पहिल्या चार स्वरांतल्या शेवटच्या स्वरावर बेथोवनने थांब्याची खूण केली आहे. किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. एक कंडक्टर (समोर उभा राहून हातांच्या खुणांनी ऑर्केस्ट्रा चालवणारा) तो स्वर ताणून ताणून छातीवर दडपण आणतो, दुसरा जेमतेम टेकून पुढे धावतो, आणि त्या एका निर्णयावर पुढच्या सात-आठ मिनिटांचा स्वभाव ठरतो. लय किती, चेलो पुढे आणायचे की मागे ठेवायचे, एखादी सुरावट कुठे श्वास घेते, हे सगळं तालमीत ठरतं आणि प्रत्यक्ष वाजवताना पुन्हा थोडं हलतं. कार्यक्रमाला जाण्याआधीच्या आठवड्यात घरी एकाच सिम्फनीची दोन वेगवेगळ्या कंडक्टरांची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. यजमानांना वेगळं काही समजवावं लागणार नाही. तयारी म्हणून एवढंच करा, संगीताच्या इतिहासाची पुस्तकं वाचत बसू नका.

टाळ्यांचं म्हणाल तर सवाईची सवय इथे आवरावी लागते. ‘वाहवा’ नाही, मान डोलवायला हरकत नाही. सिम्फनीच्या चार मूव्हमेंटच्या मधे शांतता पाळतात. कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले आणि तो श्रोत्यांकडे वळला की मग मनसोक्त वाजवा. हा नियम काही अनादी नाही. मोझार्टने 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात आपल्या सिम्फनीच्या ऐन मध्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्याचं खुशीत सांगितलंय. म्हणजे तेही आपल्यातलेच होते. सगळ्यात मोठा सापळा चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत आहे. तिसरी मूव्हमेंट अशा जोशात संपते की अर्धं सभागृह टाळ्या पिटतं, आणि खरा शेवट त्यानंतरचा, चेलो आणि डबल बास विझत जातात तो. पहिला प्रयोग चायकोव्हस्कीने स्वतः कंडक्ट केला आणि नऊ दिवसांनी तो गेला. मेंडेल्सनने त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत यावर तोडगाच काढला. पहिली मूव्हमेंट संपताना बासूनवाला एक स्वर धरून ठेवतो आणि त्याच स्वरावरून दुसरी सुरू होते, टाळ्यांना फटच नाही. (बासूनवाला म्हणजे लाकडी उंच नळी घेऊन मधोमध बसलेला असतो तो.)

जागेबद्दल. ऑर्केस्ट्राचे मोठे कार्यक्रम बहुधा जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात, ते साधारण अकराशे जागांचं आहे. गायनाच्या मैफलीत आपण पुढची रांग धरतो, तसं इथे करू नका. पुढे बसलात तर व्हायोलिनं कानाशी आणि मागची फुंकवाद्यं त्यांच्या आड जातात, दिसतही नाहीत. खालच्या मजल्याचा मागचा अर्धा भाग किंवा बाल्कनीच्या पहिल्या रांगा उत्तम. पियानो कॉन्चेर्टो असेल तर डावी बाजू घ्या, हात दिसतात. माइक नसतो, सगळा आवाज वाद्यांचा आणि सभागृहाचा. त्यामुळे तुमची खोकल्याची गोळी सोलल्याचा आवाजही चार रांगांना ऐकू जातो, ती आधीच सोलून रुमालात ठेवा.

‘नाव इंडिया आणि वादक परदेशी’ हा टोमणा तुम्ही ऐकला असेलच. तो अगदी खोटा नाही. 2006 मध्ये एनसीपीएचे खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी हा ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईत राहणाऱ्या वादकांचा गट कायमचा आणि सीझनसाठी बाहेरून बरेच वादक येतात. पण याचं कारणही बघा. मुंबईत व्हायोलिन-चेलोची परंपरा गोव्याच्या आणि पारशी वादकांनी सिनेमाच्या स्टुडिओंत टिकवली. सिंथेसायझर आला आणि ते काम आटलं. ओबो, बासून, हॉर्न शिकवणारे तर आधीही थोडेच होते. म्हणूनच 2012 पासून ऑर्केस्ट्राची स्वतःची अकादमी लहान मुलांना शिकवते आहे. निकाल लागायला वीस वर्षं लागतात, तोवर टोमणे चालू राहतील. दरम्यान याच ऑर्केस्ट्राने 2015 मध्ये झाकीरभाईंचा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा सादर केला आणि 2019 च्या ब्रिटन दौऱ्यातही नेला. त्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर यजमानांना तेच आधी ऐकवा.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. साडी, कुर्ता, ऑफिसचे कपडे, सगळं चालतं. उशीर मात्र चालत नाही, दार बंद झालं की पहिला भाग संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. आता मेट्रो तीनचं विधान भवन स्थानक सुरू झाल्याने तिथून चालत येता येतं, नाहीतर चर्चगेटहून शेअर टॅक्सी आहेच. सीझन साधारणपणे वर्षातून दोनदा असतो, एक फेब्रुवारीच्या आसपास आणि एक सप्टेंबरच्या. बुकिंग सभासदांना आधी उघडतं आणि स्वस्त जागा सगळ्यात आधी संपतात. तेव्हा पत्रिका आली की नुसती मित्रमंडळींना फॉरवर्ड करत बसू नका. नातीला न्यायचं म्हणत होता, तर वयाची अट बुकिंग करतानाच वाचून घ्या, दारावर वाद घालून उपयोग होत नाही.