ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स ओव्हरहॉल करताना हेवी ड्यूटी पार्ट घालावेत का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साखळीला राहता, सहा गिअरांची डिझेल ऑटोमॅटिक पिकअप आहे, मागे मंडपाचं सामान आणि जनरेटर लादून वरचेवर चोर्ला घाटाने बेळगावला जाता. आता तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजीन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत नाही. गॅरेजवाला बॉक्स उतरवायला सांगतोय, आणि तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघून लाल क्लच प्लेटा, शिफ्ट किट (गिअर पडतानाचा तेलाचा दाब वाढवणाऱ्या स्प्रिंगांचा वगैरे संच), जाड शेल अशी यादी काढली आहे.

मी आखातात बरीच वर्षं ऑटोमॅटिक बॉक्सचंच काम केलं, आता फोंड्याला असतो. माझं मत विचाराल तर बॉक्स उघडून जे जळलंय ते का जळलं हे कळेपर्यंत एक पैसाही पार्टांवर घालू नका.

त्या व्हिडिओंतला बॉक्स बहुतेक वेळा जीएमचा ४एल६०ई असतो. १९८२ च्या ७००आर४ वरून आलेला, १९९३ पासून शेव्हर्ले आणि जीएमसीच्या ट्रकांत बसलेला, चार गिअरांचा. त्याची दुखणी जगजाहीर आहेत. सन शेलचे (मधल्या सन गिअरला फिरवणाऱ्या पत्र्याच्या वाटीचे) दाते झिजून गेले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदमच जातात, पहिला आणि तिसरा मात्र चालू राहतात. म्हणून तिथे कडक केलेला शेल घालतात. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला ड्रम धरून ठेवणारा पट्टा सैल पडतो, म्हणून कॉर्वेट गाडीचा सर्व्हो, म्हणजे तो पट्टा आवळणारा पिस्टन: आकाराने मोठा, त्यामुळे तेवढ्याच तेलाच्या दाबात पकड जास्त. प्रत्येक पार्टामागे त्या बॉक्सचं ठरलेलं दुखणं आहे. तुमच्या बॉक्सला ते दुखणंच नसेल तर ते औषध घेऊन करणार काय?

आता क्लच प्लेटा, कारण पैसा तिथेच वाया जातो. ड्रममध्ये एकावर एक रचलेल्या प्लेटांच्या पॅकची पकड ठरते तेलाचा दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, प्लेटांचा घेर, घासणाऱ्या बाजू किती आणि अस्तर कसलं यांवर. विकणारा यातलं फक्त अस्तर आणि प्लेटांची संख्या सांगतो. एकाच ड्रममध्ये जास्त प्लेटा बसवायच्या तर त्या पातळ कराव्या लागतात, आणि गिअर पडतानाची उष्णता शोषून घेते ती मधली स्टील प्लेट. ती पातळ केली की कागदावर पकड वाढली, पण भरल्या गाडीने घाट चढताना प्लेट लवकर निळी पडते. केव्हलरसारखी कडक अस्तरं उष्णतेला टिकतात, पण स्टीललाही तेवढीच खातात. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीच्या दर्जाच्या कागदी अस्तराच्या चांगल्या प्लेटा पुरतात. बसवण्याआधी त्या तेलात नीट भिजवलेल्या हव्यात आणि पॅकमधली फट मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने मोजलेली हवी. फट न मोजता पॅक बंद करणाऱ्या मेस्त्रीच्या हातात सोन्याच्या प्लेटा दिल्या तरी त्या जळणारच.

ड्रम टेबलावर आला की समोर उभे राहा. जळक्या प्लेटा काढल्यावर पिस्टन बाहेर काढायला सांगा आणि त्याच्या रबरी कडेवर नख दाबा. नवं रबर दबतं आणि परत येतं. उष्णतेने मेलेलं रबर प्लास्टिकसारखं कडक होतं, नखाची खूणही उठत नाही. मग प्लेटा हे कारण नव्हे, परिणाम आहे: तेल कडेने गळलं, दाब पडला, पॅक घसरला आणि जळला. नवा पॅक भरल्यावर तेलाच्या भोकातून कमी दाबाची हवा सोडतात. पिस्टन ‘ठक्’ करून बसला आणि आवाज तिथेच थांबला तर ठीक. मागून फुस्स असं चालूच राहिलं तर ड्रम पुन्हा उघडायचा.

तसंच वॉल्व्ह बॉडीचं, म्हणजे तेलाचा दाब वाटणाऱ्या वॉल्व्हांच्या ठोकळ्याचं. ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये (वॉल्व्ह बसतो त्या भोकात) वॉल्व्ह सतत पुढेमागे होऊन बोअर झिजतो आणि दाब तिथूनच निसटतो. डोळ्यांना दिसत नाही, व्हॅक्यूम लावून तपासावं लागतं. तुमच्या बॉक्ससाठी झिजलेला बोअर रीमरने वाढवून बसणारा मोठा वॉल्व्ह मिळत असेल, तर अपग्रेड म्हणून तो पहिला घ्या. लाल प्लेटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

उरलेला पैसा उष्णतेवर. घाटात हळू चालताना कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप, म्हणजे त्याला घट्ट जोडणारा क्लच, सुटलेला असतो, आत तेल घुसळून तापतं. त्यामुळे रेडिएटरपुढे वेगळा तेलाचा कूलर लावा, आणि जुना कूलर बदला. जळक्या प्लेटांचा गाळ त्यात अडकलेला असतो, नुसत्या फ्लशिंगने सगळा निघत नाही. कन्व्हर्टरही त्याच कारणाने कापून साफ केलेला किंवा बदललेला हवा. उसगाव-सावर्ड्याकडच्या तांबड्या धुळीतून गाडी जात असेल तर कूलरच्या पापुद्र्यांत चिखल बसतो, तो पाण्याने धुवत चला. आणि पावसात गुडघाभर पाण्यात घातली असेल तर ब्रीदरची नळी (बॉक्समधली हवा बाहेर सोडणारी) बघा. थोडं पाणी आत गेलं तरी अस्तराचा गोंद सुटतो. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटलेला असू शकतो.

शिफ्ट किट नको. सहा गिअरांच्या बॉक्समध्ये दाब कॉम्प्युटर ठरवतो, आणि प्लेटा झिजतील तसा स्वतःच बदलून घेतो. वरून स्प्रिंगा घालून दाब वाढवला तर दोघांची भांडणं लागतात आणि गिअर झटक्याने पडतात.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी गॅरेजवाल्याला दोन गोष्टी विचारा: कॉम्प्युटरने जुन्या प्लेटांवर घेतलेली शिकवण पुसून नवी शिकवायचा स्कॅनर आहे का, आणि तेलाची पातळी कोणत्या तापमानाला बघणार. ‘थंड बॉक्समध्ये भरतो, काय होत नाही’ असं म्हणाला तर पिकअप उचला आणि दुसरीकडे न्या.