बेसमेंटमधली ब्रुअरी: बोनसमधून किती, आणि कधी?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतच्या स्प्रेडशीटवर एक अख्खी संध्याकाळ बसले. इतर वाचकांना संदर्भ लागेल म्हणून तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. तुम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहता, एका ऑटो कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करता, वय ३८, पगार १,१८,००० डॉलर, मुलगी सात वर्षांची. तीन वर्षांपासून गॅरेजच्या दारात प्रोपेनच्या शेगडीवर बिअर करताय, पण डिसेंबर ते मार्च बर्फामुळे सगळं ठप्प. आता बेसमेंटमध्ये विजेवर चालणारी तीन भांड्यांची सिस्टीम बांधायची आहे: एकात गरम पाणी, एकात मॅश (म्हणजे माल्ट, मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात मुरवणं), एकात उकळी, मध्ये पंप, जागोजागी तापमानाचे सेन्सर आणि या सगळ्यावर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा ताबा. सुट्या भागांचा खर्च ४,२०० डॉलर, मार्चमध्ये ९,००० चा बोनस येतोय, आणि तुमच्या हिशेबाने तीन वर्षांत पैसे वसूल. पत्नीचं म्हणणं, आधी क्रेडिट कार्ड फेडा.

बांधा. पण सगळं या बोनसमधून नको, आणि तुम्ही लावलेल्या क्रमाने तर अजिबात नको.

आधी बोनस. ९,००० डॉलर तुमच्या हातात येणारच नाहीत. बोनसवर फेडरल कर सरसकट २२ टक्क्यांनी कापतात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, वर मिशिगनचे ४.२५ टक्के. हे ३,०५१ डॉलर वजा केले की खात्यात ५,९४९ जमा होतील. तुमच्या शीटमध्ये ९,००० मधून ४,२०० गेले तरी ४,८०० शिल्लक दिसतात. प्रत्यक्षात १,७४९ उरतात, आणि कार्डावर २,९०० बाकी आहेत. गेल्या डिसेंबरात आईवडिलांची तिकिटं काढलीत त्याचे ते पैसे, २४ टक्के व्याजाचे. नुसते तसेच ठेवले तर वर्षाला जवळपास सातशे डॉलर व्याजात जातात. पत्नीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बोनस आल्याच्या दिवशीच कार्ड कोरं करा.

दुसरी गोष्ट पत्रात तुम्ही ओझरती लिहिलीत, मला मात्र तीच सगळ्यात जास्त खटकली. तुम्ही ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती खात्यात, पगाराच्या चार टक्के भरता. कंपनी सहा टक्क्यांपर्यंत तुमच्या रकमेच्या निम्मी भर घालते. म्हणजे दोन टक्क्यांवर मिळणारे वर्षाचे १,१८० डॉलर तुम्ही दरवर्षी कंपनीकडेच सोडून येता. ते घेण्यासाठी महिन्याला साधारण १९७ डॉलर जास्त भरावे लागतील. ते करापूर्वीचे असल्यामुळे हातात येणारा पगार दीडशेच्या आसपास कमी होईल. हे आजच करा, एचआरच्या पोर्टलवर पाच मिनिटांचं काम आहे. यंत्राची भांडी तुम्हाला याच पैशातून घ्यावीशी वाटतील. पण हे निवृत्तीचे पैसे आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

आता वसुली. तुमचा हिशेब असा: दहा गॅलनच्या बॅचमध्ये बारा औंसाच्या साधारण १०६ बाटल्या, माल्ट, हॉप्स, यीस्ट, सीओटू, सफाईचं सामान मिळून ऐंशी डॉलर, म्हणजे बाटली पाऊण डॉलरला. दुकानात चांगली क्राफ्ट बिअर दोन डॉलरला पडते. बाटलीमागे सव्वा डॉलर वाचला, वर्षाला अकरा बॅच, तीन वर्षांत ४,२०० सुटले. आकडेमोड बरोबर आहे. पण अकरा बॅच म्हणजे वर्षाला साडेअकराशेहून जास्त बाटल्या, रोज तीनपेक्षा जास्त. पत्नी बिअर घेत नाही, तसं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर बिअरचा खर्च महिना साठ डॉलर आहे, म्हणजे तीस बाटल्या. या ३६० बाटल्यांवर वर्षाला ४५० डॉलर वाचतील, त्याहून एक पैसाही जास्त नाही. त्याच्या वर जेवढी बिअर होईल ती एक तर मित्रांना जाईल किंवा तुमच्या पोटात. मित्रांना देणं छानच, पण त्याला बचत म्हणू नका. आणि खर्च वसूल व्हावा म्हणून रोजचं पिणं वाढवणारा हिशेब मी कोणत्याही ग्राहकाच्या कागदावर राहू देत नाही.

शिवाय ४,२०० हा पूर्ण आकडा नाही. बेसमेंटमध्ये २४० व्होल्टची नवीन लाइन ओढायला परमिटसकट बाराशे धरा. त्याशिवाय वाफ आहे. तासाभराच्या उकळीत चार-पाच लिटर पाणी हवेत जातं, बंद बेसमेंटमध्ये ते थेट छतावर आणि ड्रायवॉलवर बसतं. हूड, पंखा आणि भिंतीबाहेर काढलेला पाइप, चारशे. केग (बिअरची छोटी पिंपं) आणि ते ठेवायला फ्रीज, सातशे. झाले ६,५००. वर्षाला ४५० वाचले तर साडेचौदा वर्षं.

तेव्हा हे यंत्र पैसे वाचवायला घेताय ही समजूत सोडून द्या. तुम्हाला ते बांधायचं आहे म्हणून बांधायचं, आणि छंदाला मी खर्चाचा हक्काचा कप्पा मानते. कुणी पियानो घेतो, कुणी स्कीइंगचा पास काढतो. त्यांना कुणी विचारत नाही की पैसे कधी सुटणार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात जिवंत परिच्छेद कुठला, माहीत आहे? मॅशचं तापमान ६७ अंशांवर तासभर अर्ध्या अंशाच्या आत कसं धरायचं, पीआयडी (तापमान स्थिर धरणारं नियंत्रण) कसा ट्यून करायचा, पंप थांबला तर कोड काय करेल, हे सगळं ज्यात लिहिलंय तो. भांड्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. आणि स्प्रेडशीटमध्ये नेमकं उलटं आहे: स्टीलच्या तीन केटल १,५००, पॅनेल १,३००, दोन पंप ४००, कॉइल-चिलर-फिटिंग ६००, किरकोळ ४००. ज्यासाठी तुमचा जीव अडकलाय ते ऑटोमेशन, म्हणजे रास्पबेरी पाय, पीटी-१०० प्रोब (तापमानाचा सेन्सर), सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि हीटसिंक, दोनशे डॉलरच्या आसपास बसतं. सॉफ्टवेअरही फुकट मिळतं, क्राफ्टबिअरपाय घ्या किंवा स्वतः लिहा. जे आवडतं ते स्वस्त आहे, महाग आहे ते स्टील आणि वायरिंग. म्हणून स्वस्त भागाने सुरुवात करा.

पहिला टप्पा एकच भांडं. मोठी केटल, त्यात पाणी तापवणारं ५,५०० वॅटचं एलिमेंट, धान्यासाठी कापडी पिशवी, एक पंप आणि तुमचा कंट्रोलर. पॅनेलचा डबा मात्र मोठा घ्या, पुढच्या दोन भांड्यांची जागा आत्ताच ठेवा. हीच केटल नंतर तुमची उकळीची केटल होईल, म्हणजे काहीच वाया जात नाही. हे सगळं दीड हजारात बसवा.

यात बाराशेची वायरिंग कदाचित पूर्ण वाचेल. मिशिगनमधल्या बऱ्याच घरांत कपड्यांचा ड्रायर बेसमेंटमध्येच असतो, आणि विजेवरच्या ड्रायरला ३० अँपिअरची २४० व्होल्टची लाइन असते. तुमचं एलिमेंट २३ अँपिअर ओढतं, म्हणजे ते त्यात बसतं. ड्रायर पुढे ओढून मागचा सॉकेट बघा. चार भोकं असतील तर अर्थिंगची वेगळी तार आहे, काम सोपं. तीनच असतील तर अर्थिंगची वेगळी तार नाही, तो सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बदलल्याशिवाय त्याला काहीही जोडू नका. दोन्ही परिस्थितींत मध्ये जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, हवाच. बरेच होमब्रुअर हॉट टबसाठी मिळणारं स्पा पॅनेल त्यासाठी वापरतात, कारण ते सुट्या ब्रेकरपेक्षा स्वस्त पडतं. पाण्याने ओल्या फरशीवर उभं राहून २४० व्होल्ट हाताळायचे आहेत, इथे एक डॉलरही वाचवू नका. आणखी एक, हे तुम्हाला माहीत असेल तरी लिहिते: सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. त्याच्या आधी हाताने तोडता येईल असा कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा स्विच) लावा. कोड कितीही पक्का असला तरी बॅच लावून बाहेर पडू नका. विमा कंपनीला आग कशी लागली हे सांगायची वेळ आली, तर परमिटचा कागद हातात असावा.

बोनसची वाटणी मग अशी: २,९०० कार्डाला, १,५०० छंदाला, उरलेले १,५४९ आणीबाणीच्या खात्यात. तिथे आज ११,००० आहेत, तुमच्या घरखर्चाचे दोन महिने. ऑटो क्षेत्रात ले-ऑफ कसे येतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. चार महिन्यांचा खर्च जमेपर्यंत दुसरं भांडं नाही. तोवर महिना साठ डॉलर, म्हणजे बिअरचेच पैसे, वेगळ्या बचत खात्यात टाकत राहा. पुढचा टप्पा त्यातून.

आणि पुढचा टप्पा दुसरी केटल असू नये. जुना फ्रीज आणि चाळीस डॉलरचा तापमान कंट्रोलर घ्या, फर्मेंटेशनसाठी. एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला अठरा-वीस अंश लागतात, लागर या प्रकारच्या यीस्टला दहा-बारा. मॅश अर्ध्या अंशात धरून मग बादली बेसमेंटच्या कोपऱ्यात ऋतूच्या भरवशावर ठेवली, तर चव तिथेच बिघडते. दोन-अडीचशे डॉलरमध्ये बिअरच्या चवीत एवढा फरक तुमच्या यादीतलं दुसरं काहीच पाडणार नाही.

बांधण्याऐवजी तयार ऑटोमॅटिक यंत्र घेण्याचा विचारही तुम्ही लिहिलाय. एकभांडी यंत्रं पाचशे ते हजारात मिळतात, ज्याला फक्त बिअर हवी त्याने तीच घ्यावीत. पण इंटरनेटवरून रेसिपी उतरवून चालणाऱ्या यंत्रापासून लांब राहा. सिॲटलची पिकोब्रू २०२० मध्ये आर्थिक अडचणीत बंद पडली, तेव्हा सर्व्हरवर अवलंबून असलेल्या यंत्रांच्या मालकांचा जीव टांगणीला लागला होता. तुमचं यंत्र तुमच्याच कोडवर चालेल, हा बांधण्याच्या बाजूचा खरा आर्थिक मुद्दा आहे.

'पुढेमागे विकता येईल' ही ओळ मात्र खोडा. १९७८ च्या फेडरल कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली ती स्वतःच्या आणि कुटुंबाच्या वापरासाठी, एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर २०० गॅलन. विकायची तर ब्रुअर्स नोटिस, म्हणजे फेडरल मंजुरी, लागते, आणि राहत्या घरात ब्रुअरीला परवानगीच नाही. बेसमेंटमधून एक बाटलीही विकता येणार नाही.

शेवटी पुण्याचा विषय. पाच-सहा वर्षांत परत जायचं मनात आहे, असं तुम्ही तळटिपेत लिहिलंय. ते तळटिपेत ठेवण्यासारखं नाही. एलिमेंट तिथल्या २३० व्होल्टवर व्यवस्थित चालेल, पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. सामान तिकडे नेऊन उपयोग नाही, ते इथेच विकावं लागेल. माझ्या एका ग्राहकाने टेक्सासला बदली झाली तेव्हा स्वतः बांधलेली सहा हजारांची सिस्टीम अठराशेला दिली. घेणाऱ्याला केटल आणि पंप हवे होते, माझ्या ग्राहकाने रात्री जागून ओढलेल्या वायरिंगला कुणी किंमत दिली नाही. पाच-सहा वर्षांच्या मुक्कामासाठी पहिला टप्पा आणि फ्रीज पुरेसे वाटले, तर तिथेच थांबायलाही हरकत नाही. तीन भांड्यांचा निर्णय परत जायचं की नाही हे ठरल्यावर घ्या, आणि तो तुम्ही दोघांनी मिळून घ्या.

या आठवड्यात ४०१(के) सहा टक्क्यांवर न्या, आणि ड्रायर पुढे ओढून सॉकेटचा फोटो काढून पाठवा. चार भोकं निघाली तर दीड हजाराच्या यादीवर पुढच्या वेळी एकेक ओळ धरून बोलू.