थिकाजवळचं बालगृह आणि कोथरूडचा फ्लॅट

प्रश्न : मी 55 वर्षांचा, पत्नी 52 वर्षांची. 17 वर्षं नैरोबीत नोकरी करतोय, करार आणखी तीन वर्षांचा आहे. मुलगा स्वतःच्या पायावर उभा आहे. कोथरूडचा फ्लॅट (2004 साली 18 लाखांना घेतलेला) विकून 1 कोटी 40 लाख येतील. त्यातून नैरोबीजवळच्या थिका गावालगत एकरभर जागेवर 20 गरीब मुलांसाठी बालगृह बांधायचंय. बांधकाम 60 लाख, उरलेल्या 80 लाखांच्या व्याजावर आणि मुदलावर ते चालेल. जागा स्थानिक मित्राच्या नावावर घेऊ. आमच्यासाठी इतर गुंतवणूक 2 कोटी 10 लाख आहे. महिना 1 लाख 10 हजार शिल्लक पडते. करावं का?

उत्तर : तुमच्या पत्रातला सात वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. दर रविवारी तुम्ही तिथल्या एका बालगृहात जाता तेव्हा एका बुटाला नाडी आणि दुसऱ्याला सुतळी बांधून तो फाटकापाशी उभा असतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याच पत्रात पुढे, जाता जाता, एक ओळ आहे : त्याची आजी जवळच्या बाजारात सुकुमा विकी ही पालेभाजी विकते. म्हणजे मुलाला आजी आहे. या ओळीकडे मी परत येणार आहे.

आधी हिशोब. फ्लॅटचे 1 कोटी 40 लाख तुमच्या हातात येणार नाहीत. अनिवासी म्हणून इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सवलत) नाही, नफ्यावर 12.5 टक्के कर. सरचार्ज आणि सेस धरून साधारण 18 लाख गेले. शिवाय लोअर टीडीएसचं (कमी कर कापावा असं आयकर खात्याचं) सर्टिफिकेट आधी काढलं नाही, तर खरेदीदार नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर टीडीएस कापेल आणि परताव्यासाठी तुम्ही वाट बघत बसाल. तेव्हा बांधकाम वजा जाता हाती 62 लाख. तुमच्याच अंदाजाने बालगृहाचा खर्च महिना दीड लाख, वर्षाला 18 लाख. खर्च दरसाल 6 टक्क्यांनी वाढला आणि ठेवीवर 7 टक्के सुटले, तर चौथ्या वर्षाच्या मध्यावर खातं रिकामं होतं. पाच वर्षांचं जे मूल पहिल्या दिवशी येईल, ते तेव्हा साडेआठ वर्षांचं असेल. त्याला तुम्ही काय सांगणार?

त्यात शिलिंगचा, म्हणजे केनियाच्या चलनाचा, भरवसा नाही. जानेवारी 2024 मध्ये डॉलरला 160 च्या आसपास शिलिंग मिळत होते, काही महिन्यांतच ते 130 च्या घरात आले. तेवढ्याच डॉलरमध्ये जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी शिलिंग. स्वयंपाकीण आणि रखवालदाराचा पगार मात्र तेवढाच राहतो.

आता तुमच्या दोघांचं. 58 व्या वर्षी परत आलात आणि फ्लॅट असला, तर आजच्या 75 हजार महिन्याच्या खर्चाला 2 कोटी 10 लाख तुमच्या 84 व्या वर्षापर्यंत पुरतात. फ्लॅट नसला आणि पुण्यात 30 हजार भाडं भरावं लागलं, तर तीच रक्कम 76 व्या वर्षी संपते. वहिनी तेव्हा 73 वर्षांच्या असतील. हा निर्णय त्यांच्याशी बोलून झालाय का, हे पत्रात कुठेच दिसलं नाही.

जागेबाबत स्पष्टच सांगतो : मित्राच्या नावावर अजिबात नको. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेनुसार परदेशी नागरिकाला जमीन फक्त भाडेपट्ट्याने मिळते, तीही जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी. मित्र उद्या वारला तर त्याच्या वारसांपुढे तुमच्या हातात काय कागद असेल? आणि तुमचं तिथलं राहणं वर्क परमिटवर आहे. नोकरी संपली की तो परमिटही संपला. मग 20 मुलांचं घर कोण चालवणार?

पण यापेक्षा मोठी अडचण म्हणजे परवाना. केनिया सरकारने 2017 मध्येच नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि 2022 मध्ये दहा वर्षांचं धोरण आणलं : मुलांना संस्थांमधून काढून कुटुंबात, नातलगांकडे न्यायचं. यामागे कारण आहे. बालगृहातल्या कितीतरी मुलांना आईबाप किंवा आजी-मावशी असते. घरात खायला नाही, शाळेचा खर्च झेपत नाही, म्हणून मूल तिथे ठेवलेलं असतं. केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांनी 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहूनच ठेवलंय. आपल्याकडे महाराष्ट्रातही बालसंगोपन योजना याच विचाराची आहे : मूल नातलगांच्या घरीच राहावं म्हणून महिन्याला 2,250 रुपये.

मी स्वतः एका वसतिगृहाचे हिशोब काही वर्षं सांभाळले. इमारतीसाठी देणगी लगेच जमली, दगडावर नावं कोरली गेली. तिसऱ्या वर्षी धान्याच्या दुकानदाराने उधारी बंद केली, आणि आम्ही परीक्षेच्या तोंडावर मुलांना घरी पाठवलं. ट्रंका उचलून एसटीकडे निघालेली ती मुलं मला अजून दिसतात. म्हणून इतकं कडक लिहितोय.

तर माझा सल्ला : फ्लॅट विकू नका, बालगृह बांधू नका, पण मुलांना सोडूही नका. तीन वर्षांत तुमचे व्याज न धरता 39 लाख 60 हजार साठतील. त्यातले 28 लाख वेगळे काढा. मुलामागे महिना 3,000 रुपये धरले, तर आठ मुलं आपल्याच आजी-मावशीकडे राहून दहा वर्षं शिकू शकतात, महागाईची वाढ धरून. वीसऐवजी आठ, हे तुम्हाला थोडं वाटेल. मला आठ पुरी दहा वर्षं हवीत. उरलेले साडेअकरा लाख तुमच्या आजारपणासाठी, त्याला हात लावायचा नाही.

पैसे कुटुंबांसोबत काम करणाऱ्या, तिथे नोंदणी असलेल्या स्थानिक संस्थेमार्फत द्या. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब आधी मागा. जी संस्था ते द्यायला कां-कूं करेल तिथून उठून या. फी थेट शाळेच्या खात्यावर भरा. या मदतीवर भारतात करसवलत मिळणार नाही, ती धरून चालू नका.

सुकुमा विकी या नावाचा अर्थच 'आठवडा ढकल' असा होतो. येत्या रविवारी फाटकापाशी जाण्याआधी त्या बाजारात जा. स्वाहिली चांगलं येणारं कुणी सोबत न्या आणि आजींना विचारा : शाळेचे किती थकलेत, घरभाडं किती, नातू घरी आला तर महिन्याला नेमके किती कमी पडतात. तो आकडा मला कळवा. आठ मुलांचं कोष्टक आपण त्याच्यापासून मांडू.