हार्वेस्टर चालवण्याआधी तो उघडून जोडायला शिकू द्या

पत्र (थोडक्यात): मुलगा बारावी सायन्स झाला. पीसीएम ग्रुप, ५४ टक्के. सीईटीत फार काही जमलं नाही. गेले दोन हंगाम पंजाबच्या हार्वेस्टरवाल्यांबरोबर हेल्पर म्हणून फिरला आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय की मोठ्या शेतावर मशीन चालवायचं, कॅनडाला जायचं. एक एजंट सहा लाखांत काम करून देतो म्हणतो, त्यातले दोन लाख आधी मागतोय. आमची इच्छा आहे की त्याने बीएस्सी ॲग्री करावं आणि स्पर्धा परीक्षा द्यावी. घरची सहा एकर कोरडवाहू आहे. त्याची आई विचारते की ड्रायव्हर म्हटल्यावर पुढे सोयरीक जमायची कशी? काय करावं?
(एक वडील, लातूर जिल्हा)

नमस्कार,

सगळ्यात तातडीचं आधी सांगते. एजंटाला पैसे देऊ नका, टोकन म्हणूनसुद्धा नाही. कॅनडातल्या शेतकऱ्याला बाहेरचा माणूस ठेवायचा असेल तर साधारणपणे आधी त्यालाच तिथल्या सरकारकडून एलएमआयए नावाची परवानगी काढावी लागते. स्थानिक माणूस मिळत नाही, हे त्याने दाखवून द्यायचं असतं. भरतीचा हा खर्च कामगाराच्या खिशातून काढायला तिथे बंदी आहे. एजंट 'हंगामी शेतकामगार योजनेतून पाठवतो' असं सांगत असेल तर पुढे बोलूच नका. ती योजना मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे, भारत तिच्यात नाही. आपल्याकडेही परदेशात माणसं पाठवणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव शोधून बघता येतं. नोंदणी असली तरी त्याला तीस हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मग हे सहा लाख कशाचे, ते त्याला लेखी विचारा.

आता मुलाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की तो 'नादी लागलाय'. पत्रासोबत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं अर्धं पान तुम्ही जोडलंत, ते वाचून मला तसं वाटत नाही. त्यात एक वाक्य आहे की गव्हाच्या सेटिंगवर सोयाबीन काढायला घेतलं तर टाकीत डाळ पडत होती, मग मळणीच्या ड्रमचे फेरे कमी केले, खालची जाळी थोडी सैल केली आणि दाणा अख्खा यायला लागला. हेल्परचं काम डिझेल भरायचं, पट्ट्यांतला भुसा काढायचा, रात्री मशीनखाली ग्रीस मारायचं. सेटिंग त्याला कुणी शिकवत नाही. हा मुलगा ते बघून शिकला आणि त्यामागचं कारणही त्याला कळलं. माझ्या दृष्टीने हे वाक्य त्याच्या ५४ टक्क्यांपेक्षा मोलाचं आहे, आणि पुढचा सल्ला मी त्याच्याच आधारावर देतेय.

येत्या हंगामात त्याला एक काम सांगा. लोखंडी सळईची एक फूट लांब, एक फूट रुंद चौकट करायची. हार्वेस्टर पुढे गेला की ती मागे रानात टाकायची आणि आत पडलेले सोयाबीनचे दाणे मोजायचे. चार दाणे सापडले तर कुणालाही ते किरकोळ वाटतात. पण एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, म्हणजे पावणेदोन लाख दाणे झाले. शंभर दाण्यांचं वजन अकरा-बारा ग्रॅम धरलं तर एकरी वीस किलो माल रानातच राहिला. हजार एकरांच्या शेतावर हेच दोनशे क्विंटल होतात. चौकटीत उभ्या थुटक्यांना शेंगा लागलेल्या दिसल्या तर कटर बार, म्हणजे पुढची कापणीची पट्टी, उंच चाललाय. सुटे दाणे मशीनच्या मागच्या भुश्यात जास्त असतील तर पंख्याचा वारा किंवा चाळण्या बघायच्या. शेंगा न फुटताच मागे पडत असतील तर ड्रम आणि जाळी. स्टेअरिंग धरणारे पुष्कळ मिळतात. चौकटीत बघून पाच मिनिटांत पाना हातात घेणारा माणूस मोठ्या शेताच्या मालकाला हवा असतो, आणि त्याला तो टिकवून ठेवतो.

मोठं शेत म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना नीट कळू द्या. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात २०२१ च्या गणनेनुसार एका शेताचं सरासरी क्षेत्र १,७६६ एकर होतं, आणि ते बहुधा एखादं कुटुंब दोन-तीन माणसं हाताशी धरून करतं. आपल्याकडे फिरणाऱ्या हार्वेस्टरचा कटर बार साधारण चौदा फुटी असतो, तिथे पुढचा कापणीचा भाग, म्हणजे हेडर, सर्रास चाळीस फुटी दिसतो. स्टेअरिंग उपग्रहाच्या मदतीने आपोआप वळतं आणि उपग्रहाचा अंदाज आणखी अचूक करणारा आरटीके सिग्नल असला तर ओळ दोन-अडीच सेंटिमीटरच्याही बाहेर जात नाही. पण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच काढणीचे दिवस मिळतात, पुढे हिमतुषार आणि बर्फ. एवढ्या दिवसांत एक बेअरिंग गेलं आणि मेकॅनिक दीडशे किलोमीटरवरून यायची वाट बघत बसलं, तर वर्षाच्या कमाईला हात लागतो. म्हणून त्यांना हवा असतो आवाजावरून बेअरिंग ओळखणारा, पट्टा बदलू शकणारा आणि इंग्रजी मॅन्युअल वाचून त्याप्रमाणे काम करणारा माणूस. आज तुमच्या मुलाकडे यातलं पहिलं थोडंफार आहे. बाकीचं शिकावं लागेल, आणि ते इथेच शिकता येतं.

बीएस्सी ॲग्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अभ्यासक्रम चांगला आहे, पण या मुलासाठी नाही. त्यात पीक, माती, कीड-रोग, अर्थशास्त्र असं सगळं येतं आणि यंत्रांच्या वाट्याला फार थोडे तास येतात. चार वर्षं तो मन मारून बसेल आणि नंतर तुम्ही त्याला पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पाठवाल. कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. हा त्याच्या आवडीच्या जवळचा रस्ता. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत तो आहे. त्याचे बारावीचे गुण पात्रतेत बसतात, जागा मात्र सीईटीच्या गुणांवर मिळते. यंदाच्या फेऱ्यांत नाव टाकून बघा. लागला नंबर तर घ्या. नाही लागला तर त्यासाठी एक वर्ष घरी बसवू नका.

मला त्याच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो तो डिप्लोमा. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे गावाकडे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईल शाखा घेतली तर दोन वर्षांत डिप्लोमा हातात येतो आणि पुढे वाटलं तर डिग्रीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वर्गात बसणं त्याला खरोखरच झेपत नसेल तर आयटीआयचा 'मेकॅनिक ट्रॅक्टर' किंवा 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेडही चालेल, पण आधी डिप्लोम्याचा प्रयत्न होऊ द्या.

दोन वर्षं कशाला, हंगामावर फिरून तो शिकेलच की, असं तुमच्या मनात येईल. पंजाबच्या टोळीबरोबर जी मशीन त्याने पाहिली, ती बहुतेक पाना-हातोड्याने दुरुस्त होणारी आहेत. पण १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले आणि त्यासोबत सेन्सर, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, वायरिंगचं जंजाळ आलं. इंजिन बिघडलं की पडद्यावर आकडे येतात. 'एसपीएन १००, एफएमआय १' असं दिसलं तर त्याचा अर्थ इंजिन ऑइलचा दाब धोक्याच्या खाली गेलाय, आणि इंजिन त्याच क्षणी बंद करायला हवं. ज्याला हे माहीत नाही तो 'एवढी ओळ संपवून बघू' म्हणतो आणि इंजिन उघडायची वेळ येते. हे आकडे बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांवर सारखेच असतात, लातूरच्या शोरूममध्ये शिकलेला मुलगा ते परदेशातल्या मशीनवरही वाचेल. सेन्सर तपासणारी, लॅपटॉप लावून दोष शोधणारी पोरं तालुक्याच्या गावी आज बोटावर मोजण्याइतकी आहेत. पुढच्या काही वर्षांत त्यांनाच सगळीकडून बोलावणं येणार आहे.

डिप्लोमा झाला की अप्रेंटिसशिप ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टरच्या वर्कशॉपमध्येच करू द्या, कारच्या शोरूममध्ये नको. मधल्या सुट्टीत बुदनीला पाठवा. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी, सीहोर जिल्ह्यात केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था १९५५ पासून आहे. देशात विकायचे ट्रॅक्टर तिथे चाचणीला येतात आणि शेतकऱ्यांसाठी, तंत्रज्ञांसाठी काही आठवड्यांचे अभ्यासक्रम चालतात. नवा ट्रॅक्टर सुटा करून, मोजून, पुन्हा जोडलेला बघायला मिळणं ही या वयात मोठी संधी आहे.

मोठी शेती बघायला कॅनडालाच जायला हवं असंही नाही. सोव्हिएत देशाने भेट दिलेल्या यंत्रांवर १५ ऑगस्ट १९५६ ला राजस्थानातल्या सुरतगडला हजारो एकरांचं सरकारी फार्म उभं राहिलं. ते आज राष्ट्रीय बीज निगमाकडे आहे. निगमाचं असंच एक फार्म कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात जवळगेरा इथे आहे, तुमच्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर. निगमाच्या भरतीत तंत्रज्ञांच्या जागाही निघतात, त्यावर लक्ष ठेवा. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे आपला ऊसपट्टा. तोडणीला मजूर कमी पडतात तशी ऊसतोडणी यंत्रं वाढत चालली आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखान्याची मोळी टाकली की मार्चपर्यंत ती दिवसरात्र दोन पाळ्यांत चालतात. खालचे बेस कटर, कांड्या करणारा चॉपर, पाचट बाहेर फेकणारा पंखा, सगळं हायड्रॉलिकवर. हायड्रॉलिकचं काम येणारा ऑपरेटर कारखाने आणि यंत्रमालक आग्रहाने ठेवून घेतात, कारण यंत्र एक पाळी बंद राहिलं तर मागे गाड्या आणि रानातून ऊस बाहेर काढणाऱ्या इनफिल्डर ट्रॉल्या रिकाम्या उभ्या राहतात.

इथे एक धोका आधीच सांगून ठेवते. पोराचा उत्साह बघून आणि अनुदानाच्या बातम्या वाचून लगेच यंत्र घ्यायला निघू नका. ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. राज्यात त्यासाठी ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी असेल तेवढं अनुदान मिळालं, तरी उरलेल्या रकमेचा हप्ता काही थांबत नाही. सहा एकर कोरडवाहू तारण ठेवून असलं धाडस करायचं नाही. आधी त्याने दुसऱ्याच्या यंत्रावर निदान दोन पूर्ण हंगाम काढावेत. डिझेल किती लागतं, बिघाडात किती दिवस जातात, कारखाना पैसे कधी देतो, हे सगळं वहीत उतरलेलं असलं की मग मालकीचा विचार करता येईल.

परदेशाचं दार त्याच्यासाठी बंद करू नका. डिप्लोमा झाल्यावर ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा बघण्यासारखा आहे. १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी २०२४ पासून वर्षाला एक हजार जागा ठेवल्या आहेत आणि त्या सोडतीने भरतात. इंग्रजी लागतं आणि बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षणही लागतं. त्यामुळे आज नुसत्या बारावीवर तो यात बसत नाही. तिथला गव्हाचा हंगाम ऑक्टोबरपासून पुढे असतो आणि हार्वेस्टर, धान्याची गाडी चालवायला तेव्हा माणसं लागतात. सोडतीत नाव येईलच असं धरून चालू नका, पण तयारीने तोटा काहीच नाही. त्याला रोज मशीनच्या मॅन्युअलचं एक इंग्रजी पान मोठ्याने वाचायला लावा.

ताईंच्या प्रश्नाला मी हलकं समजत नाही. गावात सोयरीक जुळवताना 'मुलगा काय करतो' हे पहिलं विचारतात, आणि ड्रायव्हर म्हटलं की मान हलते, हे मलाही माहीत आहे. डिप्लोमा इंजिनिअर, अमुक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर, असं सांगता आलं की हे बोलणं बरंचसं बदलेल. पण ताई, मला तुम्हाला खरी काळजी करायला लावायची आहे ती वेगळ्या गोष्टीची. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे जोडलेल्या अवजाराला ताकद देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातला गमछा किंवा शर्टाची बाही त्यात अडकली तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर 'अडचण होते' म्हणून काढून टाकलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. हार्वेस्टरच्या टपावर चढून रात्रीच्या वेळी विजेच्या तारेखालून मशीन काढणं, मशीन चालू ठेवून आत हात घालून भुसा काढणं, असल्या सवयी हेल्परच्या अंगवळणी पडतात. लेकाला विचारा, तू असं करतोस का? त्याने 'हो' म्हटलं तर त्याच्याकडून शब्द घ्या की इंजिन बंद करून, चावी खिशात टाकल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे जाऊन थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं वेळापत्रक आणि शाखानिहाय जागा विचारून या, मुलाला सोबत घेऊनच जा. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला एका फाईलमध्ये लावून ठेवा. त्याचं वय अठरा झालं असेल तर ट्रॅक्टरचं लायसन्स काढून घ्या, इतके दिवस तो बिनलायसन्सचा चालवत असेल तर ते आज थांबवा. नॉन-क्रीमीलेअर लागत असेल तर तहसीलमध्ये त्याला वेळ जातो, तेवढा अर्ज या आठवड्यातच टाका.