शाळेत डिजिटल पॅनल आणि सॉफ्टवेअर घेतोय, पण कर्मचारी थंड आहेत. त्यांची मानसिकता कशी बदलावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या संस्थेने नागपुरातल्या शाळेसाठी चार डिजिटल पॅनल आणि हजेरी, फी, दाखले सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलंय, पण शिक्षक आणि ऑफिसातली माणसं मनापासून साथ देत नाहीत. मी नागपुरातच एका अनुदानित शाळेत २१ वर्षं लिपिक आहे, म्हणजे आमच्या इकडच्या भाषेत बाबू. ‘मानसिकता’ हा शब्द मी याआधीही ऐकलाय, माझ्याबद्दल लिहिलेल्या एका पत्रात. म्हणून उत्तर लांबणार आहे.

पॅनलचं आधी सांगून टाकतो. भूमितीला आणि विज्ञानाला त्याचा उपयोग होतो, आमचे गणिताचे सर ते छान वापरतात. पण पॅनलसोबत विक्रेता जो धड्यांचा संच गळ्यात मारतो तो घेऊ नका. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात, पुस्तकांच्या पीडीएफही फुकट मिळतात. ते पैसे इन्व्हर्टर आणि नेटवर खर्च करा. आणि चार घेण्याऐवजी आधी एक घ्या. झालं.

आता ऑफिस. तुमचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्याची माहिती मागेल. ती राज्याच्या सरल पोर्टलवर २०१५ पासून भरतोच आहोत, केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलवर पुन्हा भरतो, पोषण आहाराची रोजची संख्या वेगळी, शिष्यवृत्ती वेगळी, पगाराचं शालार्थ वेगळं. आता हे पाचवं की सहावं ठिकाण. आमच्या संस्थेच्या प्राथमिक शाळेला तर लिपिकाचं पदच नाही. हायस्कूलचा बाबू म्हणून ते कामही माझ्याचकडे. तुमच्या लोकांना संगणक नकोय असं समजू नका. तेच नाव सहाव्यांदा टाइप करायचा त्यांना कंटाळा आलाय.

२०२२-२३ ची गोष्ट. त्या वर्षी संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवायला, आधार वैध असलेलीच, म्हणजे आधारवरची माहिती शाळेच्या नोंदीशी जुळणारीच मुलं धरली जाणार होती. आमच्या प्राथमिकचा पट ६४. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. पोर्टलवर वैध दिसत होती ५८. सहा मुलं रोज वर्गात बसत होती, खिचडी खात होती, पण मोजणीत नव्हती.

सहापैकी एक मुलगा पोर्टलवर अजून जुन्याच शाळेत होता. त्या शाळेने त्याला सोडल्याची नोंदच केली नव्हती. मी सात वेळा फोन केला. एकाचं आधारच नव्हतं. दुसरीतल्या एका मुलीची नोंदणी दोनदा फेटाळली गेली होती, कारण बोटांचे ठसे उमटत नव्हते. आई मिस्त्रीच्या हाताखाली कामाला, मुलगी घरची भांडी घासायची. तिला आणि आणखी दोघांना घेऊन मी सकाळी सहाला ऑटोने आधार केंद्रावर गेलो, टोकनसाठी. त्या दोघांच्या वडिलांना आदल्या दिवशी विचारलं होतं, तर म्हणाले, “तुम्हीच घेऊन जा जी बाबू, आमची रोजी बुडते.” केंद्रावरचा पोरगा तिला म्हणे, बोटं पूस. तिने फ्रॉकला पुसली. पुन्हा पूस. मग तिने बोटं तोंडात घालून ओली केली आणि पुन्हा पुसली. चार वेळा. नाही आले ठसे. परत येताना ऑटोत ती एक शब्द बोलली नाही, मुठी मिटून बसली होती.

उरली तीन. दोघांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. नोंदणीच्या वेळी आईबापांनी नुसतं साल सांगितलं की अशी तारीख पडते. आमच्या दाखल-खारीज रजिस्टरला मात्र जन्मदाखल्यावरची खरी तारीख होती. तिसऱ्याच्या नावाचा घोळ. या तिघांचं जुळलं असतं तर ५८ चे ६१ झाले असते. बरोबर ६१.

तेव्हाचे मुख्याध्यापक शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “तीनच नोंदी आहेत बाबू. आधारवर जे आहे ते रजिस्टरला करून टाका. कोण पाहून राहिलं?”

मी नाही म्हणालो. दाखल-खारीज रजिस्टरला प्रवेशानंतर नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती चुकीची तारीख बरोबर करायला मिळते, बरोबर तारीख चुकीची करायला नाही. त्या रजिस्टरवरूनच पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो. जातीच्या दाखल्याला, नोकरीला, निवृत्तीला तीच तारीख चालते. सात वर्षांच्या पोराच्या आयुष्यात मी १ जानेवारी घालायची? मी म्हटलं, आधार दुरुस्त करू, जन्मदाखले आहेत. आम्ही ते केलंही. तिघांची दुरुस्ती झाली, पण मुदत संपल्यावर.

तिसरं पद गेलं. ज्या बाई अतिरिक्त ठरल्या त्या माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पहिलीचा वर्ग इतका सुंदर घ्यायच्या की पोरं रविवारीही शाळेत यायचं म्हणायची. त्यांचं समायोजन घरापासून ३८ किलोमीटरवरच्या शाळेत झालं. निरोपाच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “दादा, तुमचं चुकलं नाही.” पण त्यांच्या यजमानांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते आजतागायत.

आणि मुख्याध्यापकांनी संस्थेला पत्र लिहिलं. लिपिकाची दिरंगाई आणि ‘तंत्रज्ञानाबाबत नकारात्मक मानसिकता’ यामुळे पद गमावलं, असं. मला खुलासा मागितला. मी चार पानी खुलासा दिला. फोनच्या तारखा, केंद्राची टोकनं, दुरुस्तीच्या पावत्या, सगळं जोडून. त्याचं उत्तर आलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सांगितलं की वय ठरवायला आधारवरची तारीख नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धरायची. ती बातमी मी कापून खुलाशाच्या फाइलला लावली आहे.

संगणकाबद्दल मला राग आहे असं यातून वाटेल, तर तेही साफ सांगतो. मुलं मोजायला आधार लागलं ते उगाच नाही. ऑक्टोबर २०११ ची विशेष पटपडताळणी मी पाहिली आहे. कागदावरची पोरं तेव्हा राज्यभर सापडली. शालार्थमुळे पगाराच्या बिलांचे गठ्ठे वाहायचं थांबलं. आणि त्याच शालार्थचे बोगस आयडी नागपूर विभागात २०२५ ला उघडकीस आले, म्हणजे पोर्टल आलं म्हणून खोटेपणा जातो असंही नाही. एखाद्या शाळेत बाबू खरंच आळशी असेल, तसेही आहेत.

पण तुमच्या शाळेत तो कसा आहे हे सॉफ्टवेअरच्या डेमोत कळणार नाही. ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेला धरतात, त्याच्या आधीचे दोन दिवस त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसा. पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते विचारा. आमचा दीड वर्ष निवृत्त झालेल्या सरांच्या फोनवर जात होता. विक्रेत्याला विचारा की यू-डायसची यादी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चढते का. चढत नसेल तर घेऊ नका, बाकी कितीही चकचकीत असो. चढत असेल तर माहिती भरायला पहिले तीन महिने एक माणूस जास्तीचा द्या, पगारी. शिक्षकांना लावू नका, त्यांना शिकवू द्या.

आणि आधारशी न जुळणाऱ्या प्रत्येक नावाचं काय करायचं ते मुख्याध्यापकांनी लेखी, सहीनिशी द्यावं असा ठराव संस्थेत करून घ्या. माझ्याजवळ तसा एक कागद असता तर तो चार पानी खुलासा मला लिहावा लागला नसता.